आमची पोर त्या कचेरीत आहे

४ जानेवारी

ती. आबा आणि ती. सौ. आई यांना शि. सा. न. वि. वि.,

आधी नमस्कार घ्या, मग दोघंही बसून घ्या, कारण बातमी उभ्याने वाचण्यासारखी नाही. फोनवरच सांगणार होते, पण आबा जेवलीस का एवढंच विचारतात आणि उत्तर यायच्या आत फोन आईच्या हातात देतात, आणि आईचा सगळा वेळ हॅलो हॅलो करण्यात जातो. म्हणून पत्र.

आपली नदी अभयारण्य होणार आहे! वरच्या पुलापासून जुन्या बंधाऱ्यापर्यंतचा सगळा पट्टा पाणमांजरांसाठी राखायचा असं ठरलंय. पाणमांजर म्हणजे आपला ऊद. इथे कचेरीत काचेच्या कपाटात एक पेंढा भरलेला ऊद आहे, कुठल्याशा जप्तीतला. त्याचे डोळे चुकीचे बसवलेत. आत्ताच कोणीतरी टपली मारून गेल्यासारखा तो सगळ्यांकडे बघतो. त्याच्यासमोरून गेले की मला आपला डोह आठवतो. आता त्या डोहात वाळूच्या शेठजींची यंत्रं उतरणार नाहीत, काठ ढासळणार नाहीत, उदांची बिळं गाडली जाणार नाहीत. आणि या फायलीवर काम कोण करतंय? तुमची बेबी!

पण नीट ऐका. आत्ता निघालीय ती फक्त सूचना. त्या पट्ट्यात ज्याचा काही हक्क असेल, मासे धरायचा, होडी लावायचा, काठाचं गवत कापायचा, त्याने दोन महिन्यांच्या आत तसा दावा लिहून द्यायचा. मग सुनावणी होऊन कोणता हक्क ठेवायचा ते ठरेल. ज्याने दावा केला नाही त्याला हक्कच नव्हता, असं कायदा धरून चालतो. तेव्हा प्रत्येक होडीवाल्याचा अर्ज जायला हवा.

मूळ सूचना कायद्याच्या भाषेत होती. माझ्या वरच्या मॅडम, आवाज एवढासा आणि दरारा एवढा मोठा, त्यांनी ती माझ्यासमोर टाकली आणि सांगितलं की कोणालाही एका वाचनात कळेल अशी करून आण. मी ती तुम्हाला डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिली. ही माझ्याच गावची नदी आहे हे मात्र मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांना वाटलं असतं, आत्ता कुठे नोकरीला लागली आणि लगेच आपल्या गावाचं घेऊन बसली.

तुमचा लोभ मला पुरून उरतो. उरलेला दादाला द्या, त्याला गरज आहे.

तुमची
बेबी


२२ जानेवारी

चि. बेबीस,

दादाचे आशीर्वाद, आईचे त्याहून जास्त, आणि आबांचे इतके की पाकिटात मावेनात.

तुझी नोटीस आली. जाळ्यांच्या शेडच्या भिंतीवर चिकटवली आहे. आबांनी चष्मा पुसून ती मोठ्याने वाचली. मग उशिरा आलेल्यांसाठी पुन्हा वाचली. मग नवीन कोणीच आलं नव्हतं तरी पुन्हा वाचली. खाली तुझं नाव नाही म्हणून आई खट्टू झाली होती, पण आबा म्हणाले की नाव कशाला हवं, हात ओळखू येतो. प्रत्येक अवघड शब्दापुढे तू 'म्हणजे काय?' लिहून मग समजावलं आहेस ना, तर जन्मल्यापासून म्हणजे काय, म्हणजे काय करून लोकांचं डोकं खाणारी पोर या गावात एकच झाली.

प्रश्न पुष्कळ निघाले. शेजारच्या काकांचं म्हणणं, ऊद जर सरकारचा, तर त्याने आमची जाळी फाडली की भरपाई उदाकडे मागायची की सरकारकडे. त्यांच्या भावाने विचारलं की उदाच्या पोटात गेलेला मासा मग कोणाचा. मास्तर, म्हणजे तुझे पाढ्यांचे मास्तर, निवृत्त झाल्यापासून होडीत असतात आणि मासे कमी धरतात, आम्हाला जास्त शिकवतात. ते म्हणाले हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे. त्यावर काकांनी जाळं विणायला घेतलं. पण वाळूचे ट्रक बंद होणार म्हटल्यावर बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटतं बाकी काही कळलं नाही तरी तेवढं सगळ्यांना कळलं.

माझ्या लग्नाचं म्हणशील तर मुलीचे वडील अजून हो म्हणेनात. नदीचं काय ते ठरू दे, मग बोलू म्हणतात. मुलगी माझ्याकडे बघून हसते. मला हसते की माझ्या शर्टाला, ते समजत नाही.

अर्जांची काळजी तू करू नकोस. आबांनी सगळ्यांना बसवून काय ते नीट समजावलं आहे. गावामुळे तुला मान खाली घालावी लागेल असं काही होणार नाही.

जेवत जा. आमच्यावरचा लोभ पातळ झाला तर येऊन कान धरेन.

दादा


१६ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.,

तो शर्ट टाकून दे. मुलगी त्यालाच हसते, हे मी इतक्या लांबून सांगते.

आबांनी सगळ्यांना बसवून समजावलं हे वाचून माझ्या मनावरचा दगड उतरला. अर्ज आधी जिल्ह्याला जमा होतात आणि मुदत संपली की गठ्ठा इथे येतो, त्यामुळे मला मधलं काही दिसत नाही. परवा बैठकीत एका मोठ्या साहेबांनी विचारलं की नदीकाठच्या लोकांचा विरोध होईल का, तर मीच पुढे होऊन सांगितलं की लोकांना नीट समजावलं तर ते आपले हक्कही नीट मांडतात. मॅडमनी माझ्याकडे पाहून मान हलवली. त्या कोणाकडे पाहून मान हलवतात म्हणजे इथे पदकच.

नकाशावर आपला डोह पाहिला. नखाएवढा निळा ठिपका. शेड नाही, होड्या नाहीत, गावाचं नावही दुसऱ्याच ठिकाणी छापलंय, पार डोंगरावर. मी बराच वेळ त्या ठिपक्यावर बोट ठेवून बसले. आपण तिथे आहोत हे मला माहीत आहे आणि नकाशाला माहीत नाही, याचं हसू आलं. आता तुमचे अर्ज आले की त्यालाही कळेल.

मॅडम माझी साधी नोटीस बाकीच्या नद्यांसाठीही वापरणार आहेत! आईला सांग. आबांना सांगू नकोस, ते पुन्हा वाचून दाखवतील.

लोभ जिथे आहे तिथेच राहू दे, हलवू नये.

बेबी


१४ मार्च

ती. आबांना सा. न.,

कुशल विचारायचं आज सुचत नाही, माफ करा.

गठ्ठा आला. गठ्ठा कसला, एकच अर्ज आहे. वाळूच्या शेठजींचा. वकिलाने लिहिलेला, फोटो लावलेला, काठाच्या जमिनीवर आणि वाळूवर आपला जुना हक्क असल्याचं सांगणारा. दुसरा एकही नाही. गावातून एकही नाही.

मी दोनदा खालच्या मजल्यावर जाऊन आले. पाकीट कुठे अडकलं असेल, दुसऱ्या नदीच्या फायलीत गेलं असेल असं वाटलं. तिथला शिपाई म्हणाला की आलं ते हेच. आता अहवालात काय लिहिलंय माहीत आहे? या पट्ट्यात वाळू उपशाशिवाय माणसांचा कोणताही वापर आढळत नाही. आबा, तुम्ही तिथे नाही. दादा नाही. होड्या नाहीत. ज्या माणसामुळे नदीची ही दशा झाली त्याचंच तेवढं सरकार ऐकून घेणार, कारण त्याने तेवढं सांगितलं की मी आहे.

तुम्ही सगळ्यांना बसवून समजावलं होतं ना? मग काय झालं? नोटीस कळली नाही का? मी काही चुकीचं लिहिलं का? मला काहीच समजत नाहीये. लगेच लिहा.

बेबी


२० मार्च

चि. बेबीस अ. उ. आ.,

तुझे पत्र पोचले. वाचून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो, पुन्हा आत येऊन वाचले. तुझ्या आईला अर्धेच सांगितले आहे.

नोटीस चांगली कळली. तू काही चुकीचे लिहिले नाहीस. मी सगळ्यांना बसवून समजावले हेही खरे. काय समजावले ते आता सांगतो. मी त्यांना सांगितले की आमची पोर त्या कचेरीत आहे, तेव्हा या गावातून कोणी अर्ज करायचा नाही.

तू रागावशील. पण माझ्या बाजूने पाहा. लेक नुकती एखाद्या घरात राहायला जावी, आणि तिचे पाऊल स्थिर होण्याआधी माहेरच्या सगळ्यांनी कागद घेऊन त्या दारात उभे राहावे, आम्हाला हे हवे आणि ते हवे, हे मला बरे दिसेना. लोक म्हणतील, हिला नोकरीवर घेतली आणि हिची माणसे मागायला आली. या घरातून पहिल्यांदाच कोणी अशा खुर्चीवर बसले आहे. ती खुर्ची आमच्या भाराने डुगडुगू नये एवढेच पाहिले. गावानेही ते मनापासून मानले. मास्तर तर म्हणाले की पोरीसाठी एवढे तरी करायला हवे.

आणि एक गोष्ट. आम्हाला वाटले, तू तिथे आहेस म्हणजे आमचे सगळे तुला ठाऊक आहे. डोहात कोणाची होडी असते, जाळी कुठे वाळतात, तू तिथेच वाढलीस. जे घरच्या माणसाला ठाऊक आहे ते पुन्हा लिहून कसले द्यायचे? आम्ही समजलो की सरकारला ठाऊक आहे, कारण तुला ठाऊक आहे. यात चूक नेमकी कुठे झाली हे मी चार दिवस शोधतो आहे. प्रत्येक वेळी दुसऱ्याच जागी सापडते.

आता काय करता येईल ते कळव. तुला त्रास होणार असेल तर कळवू नकोस.

आमचा लोभ आहे. तो लिहावा लागत नाही.

तुझा
आबा


२७ मार्च

ती. आबांना शि. सा. न. वि. वि.,

तुमचं पत्र वाचून मी आधी चिडले, मग रडले, मग मला माझंच हसू आलं. कारण तुम्ही गावात जे केलंत तेच मी इथे केलं होतं. मॅडमना काही मागतोय असं वाटू नये म्हणून मी गप्प, आणि मला कमीपणा येऊ नये म्हणून तुम्ही गप्प. दोन्ही बाजूंनी आपण इतके शहाण्यासारखे वागलो की मधल्यामध्ये नदी शेठजींकडे जायला निघाली.

मी मॅडमकडे गेले आणि ही माझ्या गावची नदी आहे, आत्तापर्यंत लपवलं, असं सांगून टाकलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. ओरडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी फक्त एवढं विचारलं की हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं. त्याच दिवशी मला फायलीवरून काढलं. बरोबरच केलं त्यांनी. आता मी हत्तींच्या नुकसानभरपाईचे कागद बघते.

म्हणजे तुमची पोर आता त्या फायलीवर नाही. माझी भीड धरायचं कारण संपलं. भांडायला या!

कायद्यात सोय आहे. सबळ कारण असेल तर उशिरा आलेला दावाही घेतात. आजारपण, पूर, लिहितावाचता न येणं, अशी कारणं आजवर मानली गेली आहेत. आपलं कारण यातलं नाही, पण जे झालं ते जसंच्या तसं सांगा. मॅडम स्वतः सुनावणीला तिकडे येणार आहेत, ९ एप्रिलला. त्या खरं ऐकून घेतात. माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

लोभ वाढवायचा तर आत्ताच, मला फार एकटं वाटतंय.

बेबी


१० एप्रिल

चि. बेबीस,

दादाचे भरभरून आशीर्वाद. काम फत्ते! आता कसं ते ऐक आणि पत्र संपेपर्यंत मध्ये बोलू नकोस, म्हणजे मनातल्या मनातही नको.

टेम्पो भरून गेलो. कचेरीच्या खोलीत खुर्च्या कमी होत्या म्हणून आम्ही भिंतीला टेकून उभे, आणि पुढे शेठजी आणि त्यांचे वकील बसलेले. शेठजींचे बूट पांढरेशुभ्र. नदीत धंदा करणाऱ्या माणसाचे बूट इतके कोरडे कसे, याचं काकांना फार नवल वाटत होतं. तुझ्या मॅडमचा आवाज खरंच एवढासा आहे. त्यांनी आबांना विचारलं की अर्ज द्यायला उशीर का झाला.

आबांनी तोंड उघडलं. खरं तेच सांगणार होते, सगळं पाठ करून आले होते. तेवढ्यात वकील उठले. म्हणाले की आमच्या कानावर आलंय, याच गावची एक मुलगी मॅडमच्या कचेरीत आहे आणि ही नोटीस तिच्याच हातची आहे. उशिराचं कारण त्या मुलीशी जोडलेलं निघालं तर ही सगळी नोटीसच रद्द करावी, असं आम्ही मागणार. मॅडम म्हणाल्या की ती मुलगी आता या कामावर नाही. वकील म्हणाले, पण नोटीस लिहिली तेव्हा होती ना.

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि म्हणाले, बाई, आम्हाला वाचता येत नाही. भिंतीवर कागद होता, त्यात काय होतं ते समजलं नाही.

बेबी, मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मॅडमनी पुन्हा विचारलं, आबांनी पुन्हा तेच सांगितलं. मग शाईचा डबा पुढे आला आणि आबांनी अंगठा दिला. त्यांच्यामागे काकांनी दिला, काकांच्या भावाने दिला, मी दिला. आणि मास्तर! ज्या माणसाने अख्ख्या गावाला अक्षर शिकवलं त्याने असा काही अंगठा दाबला की कारकून म्हणाला, आजोबा, हळू, कागद फाटेल. मास्तरांनी विचारलं की दुसऱ्या हाताचाही हवा आहे का.

सगळे दावे चौकशीला घेतले. वकील कागद गोळा करून निघून गेले. टेम्पोत आम्ही गाव येईपर्यंत हसत होतो. आबा तेवढे हसले नाहीत. ते रुमालाने अंगठा पुसत होते. शाई चिवट असते. मुलीच्या वडिलांनी घरी येऊन पाणी घेतलं आणि तारखेचं बोलले.

लोभाचा हिशोब आता माझ्या लग्नात.

दादा


२४ एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.,

तारखेचं वाचून खूप आनंद झाला. खरंच झाला. त्यानंतर जे लिहिते आहे त्यामुळे तो कमी आहे असं समजू नकोस.

सुनावणीची नोंद कचेरीत आली. मी त्या फायलीवर नाही, पण नोंद मला वाचायची गरजच पडली नाही, सगळे त्याबद्दल बोलतायत. गाव पूर्णपणे निरक्षर, असं त्यात आहे. आणि त्यावरून निघालेला निष्कर्ष असा की साधी नोटीस लिहून काही उपयोग झाला नाही, लोकांना तीही कळत नाही. मोठ्या साहेबांनी विचारलं, मग पुन्हा कशाला हा खटाटोप? बाकीच्या नद्यांना माझी नोटीस जाणार नाही. जुनी, कायद्याच्या भाषेतली जाईल. माझ्या शेजारचा मुलगा नोटिसीसाठी चित्र काढतोय, निरक्षरांकरता. त्याने काढलेला ऊद मुंगसासारखा दिसतो आणि खाली कोणता हक्क जाणार ते चित्रात कसं दाखवायचं हे त्याला सुचत नाहीये. मलाही सुचत नाहीये.

त्या नद्यांवरही कोणीतरी भिंतीसमोर उभं राहून वाचणार आहे, दादा. त्यांची पोर कचेरीत नाही. त्यांना कोण सांगणार?

दोनदा मॅडमच्या दारापर्यंत जाऊन परत आले. खरं सांगितलं तर दावे जातील, कदाचित तुमच्यावर खोटं बोलल्याचा गुन्हा येईल, कदाचित नोटीसच रद्द होईल आणि ऊदही जातील. गप्प बसले तर आपला डोह राहील आणि बाकीच्या नद्यांचं मला काही विचारायचं नाही. वाचवण्यासाठी कायदा केला, तो समजावा म्हणून नोटीस लिहिली, आणि आपल्याला ती समजली म्हणून हे सगळं झालं. मी पुन्हा पुन्हा पहिल्यापासून मांडून बघते आणि दर वेळी उलटंच उत्तर येतं. तू सांग.

लोभ असेल तर रागावून का होईना, पण लिही.

बेबी


१ मे

बेबी,

रागावूनच लिहितो.

तू गप्प बस. शिकलीस, कचेरीत बसलीस, चांगलं केलंस, आम्ही तुझ्यासाठी हक्क सोडायला निघालो होतो आणि हूं की चूं केलं नाही. आता आबांनी तुझ्यासाठी आणि आमच्यासाठी अंगठा दिला, तर तुला दुसऱ्यांच्या नद्या आठवल्या. त्या नद्यांवर माझी होडी नाही. तुझं खरं बोलून माझ्या जाळ्यात मासे येणार आहेत का? माझं लग्न ठरलंय. उद्या मुलीच्या वडिलांना मी काय सांगू, माझ्या बहिणीला वाईट वाटलं म्हणून नदी गेली?

आबांना तुझं पत्र दाखवायचं नव्हतं. पण तुला माहीत आहे, पोस्टमनकडून ते आधी घेतात. वाचून झाल्यावर घडी करून खिशात ठेवलं.

दादा

(आई सांगते ते खाली लिहितो. तिचं म्हणणं, दोघांचंही बरोबर आहे आणि दोघांनीही जेवून घ्या.)


८ मे

चि. बेबीस अनेक उत्तम आशीर्वाद,

तू दादाला विचारलेस ते मला विचारायला हवे होते. तुला विचारायची भीड वाटली असेल. आपल्या घरात ती सगळ्यांनाच आहे.

मॅडमना मी आज वेगळे पत्र टाकले. तुला आधी कळवले नाही, कारण कळवले असते तर ते तू लिहून घेतलेस असे कोणी म्हणाले असते. त्यांना लिहिले आहे की मला वाचता येते आणि लिहिताही येते, हे पत्रच त्याची खूण. मी तुमच्यासमोर खोटे बोललो. नोटीस मी वाचली आणि गावाला वाचून दाखवली. आजवर सरकारचे जेवढे कागद या गावात आले त्यांत पहिल्या वाचनात कळलेला हा एकच. आम्ही दावा केला नाही तो न कळल्यामुळे नाही. आमची मुलगी तुमच्याकडे आहे म्हणून मागायला लाजलो, हे कारण. ते सबळ आहे की नाही ते तुम्ही ठरवा, आणि खोट्याची जी शिक्षा असेल ती मला एकट्याला द्या, बाकीच्यांनी माझे पाहून अंगठा दिला. पण आमचे काहीही झाले तरी नोटीस बदलू नका. बाकीच्या नद्यांना तीच पाठवा.

पुढे काय होईल ते मला समजत नाही. वकील काय म्हणेल, दावे राहतील की जातील, काही अंदाज येत नाही. मास्तर म्हणाले की पुन्हा बोलावले तर तेही सही करायला येतील. काका अजून विचार करत आहेत. दादा माझ्याशी बोलत नाही. जाळी दोघे मिळूनच ओढतो, पण न बोलता, आणि उदाने परवा मोठे भोक पाडले तेव्हासुद्धा तो काही बोलला नाही, त्यावरून राग किती आहे ते समजून घे. मुलीकडे तो स्वतः जाऊन सगळे सांगून आला. त्यांचे उत्तर यायचे आहे.

अंगठा दिला तेव्हा मला वाटले होते की मी तुला वाचवतो आहे. घरी येऊन तुझ्या आईने विचारले, पोरीने एवढे सोपे करून लिहिले आणि तुम्ही तिला सांगून आलात की कळले नाही? म्हणून हे लिहिले. कळले होते, बेबी. शब्द न शब्द कळला होता.

लोभ मागायचा नसतो, घरच्या माणसाला तो ठाऊकच असतो, असे मी आजवर धरून चाललो. यापुढे लिहून मागत जाईन. आमच्यावर लोभ असू दे.

तुझा
आबा